सड्यावरचा बॉक्साइट बेळगावात येतो, मग ॲल्युमिनियम बेळगावात का होत नाही?

प्रश्न : खानापूरचा मास्तर

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. धातूंच्या पाठात ॲल्युमिनियमला जेमतेम एक पान मिळते. बॉक्साइट, कॉस्टिक सोडा, क्रायोलाइट, विद्युत अपघटन आणि खाली एक आकृती, एवढ्यावर तो विषय आटोपतो. मी ते दरवर्षी शिकवतो आणि मुले ते दरवर्षी पाठ करतात.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला अडवले. त्याचे वडील पूर्वी चंदगड भागातल्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवरून, बेळगावला बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, ट्रक आणत असत. त्याने विचारले, "सर, सड्यावरची माती यमनापूरच्या इंडालला जाते, तिथून पांढरी पावडर निघते आणि ती पावडर पुन्हा गाडीत भरून लांब कुठे तरी जाते. मग भांड्याचे ॲल्युमिनियम बेळगावातच का करत नाहीत?" मी "वीज लागते बाळा, फार वीज लागते" असे सांगून वेळ मारून नेली; पण हे उत्तर अर्धेच आहे, हे त्याला समजले नसले तरी मला समजले होते.

घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा माझ्याच शंका वाढल्या. लोखंडाचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातले की लोखंड मिळते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते का जमत नाही? तांब्याला ज्याप्रमाणे पाण्यातल्या द्रावणातून विजेने शुद्ध करतात तसे येथे का करत नाहीत? आणि आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला "जर्मनची भांडी" म्हणून जी फुटकी पातेली घेऊन जातो, ती वितळवून पुन्हा धातू मिळत असेल, तर खनिजापासून एवढा खटाटोप कशासाठी? या मंडळावर प्रत्यक्ष या कामात असलेले लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. मुलांना सांगता येईल असे, परंतु सोपे करण्याच्या नादात चुकीचे होणार नाही असे, काही लिहावे ही विनंती.

उत्तर १ : सड्यावरचा (चंदगड)

मास्तर, मी कारखान्यात कधी काम केलेले नाही, त्यामुळे दगडापुरतेच लिहितो. तुमच्या विद्यार्थ्याने "माती" म्हटले त्यात त्याची चूक नाही, कारण हातात घेतल्यावर तो दगड मातीच्याच जातीचा वाटतो. तांबूस, कुठे पिवळट, कुठे मळकट गुलाबी अशा त्या ढेकळात वाटाण्याएवढ्या गोल गाठी दिसतात आणि ओला केला की चिखलाचा वास येतो. आमच्याकडचा कासारसडा असो किंवा राधानगरी तालुक्यातली दुर्गमानवाडी असो, हा दगड डोंगराच्या पोटात सापडत नाही, तर माथ्यावरच्या सपाटीत सापडतो, आणि त्याचे कारण पावसात आहे.

मुळात हा सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होता. आपल्या घाटमाथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि नंतर आठ महिने सडा भाजून निघतो. हे लाखो वर्षे चालले. सपाटीमुळे पाणी वाहून न जाता खडकात मुरले, मुरताना त्याने चुना, सोडा, पोटॅश आणि सिलिकाचा बराच भाग विरघळवून खाली नेला, आणि जे विरघळायला राजी नव्हते ते, म्हणजे लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम, जागेवर राहिले. जिथे लोहाचे प्रमाण जास्त राहिले त्याला आपण जांभा म्हणतो आणि त्याचे चिरे घराला लावतो. जिथे ॲल्युमिनियम वरचढ ठरले त्याला बॉक्साइट म्हणतात. दोघे सख्खे भाऊ आहेत आणि पुष्कळदा एकाच खाणीत एकमेकांच्या मांडीवर बसलेले सापडतात. बॉक्साइट हे नाव फ्रान्समधल्या ले बो या गावावरून पडले. १८२१ मध्ये पिएर बेर्तिए याने तिथल्या दगडाचे वर्णन केले होते.

मुलांना हेही सांगा, की पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे आणि धातूंमध्ये त्याचाच क्रमांक पहिला लागतो. शेतातल्या साध्या चिकणमातीतही ते आहे, पण तिथे सिलिकाने त्याला असे जखडलेले असते की सोडवण्याचा खर्च परवडत नाही. सड्यावर ते सोडवण्याचे निम्मे काम पावसाने फुकट करून ठेवले आहे.

उत्तर २ : निवृत्त डायजेस्टर

मी राज्याबाहेरच्या एका ॲल्युमिना रिफायनरीत बत्तीस वर्षे काढली आणि आता टिळकवाडीत असतो. इंडालचा, म्हणजे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा, येथील कारखाना सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर उभा राहिला, २००० साली इंडालची मालकी हिंडाल्कोकडे गेली, तरी बेळगावकरांच्या तोंडी नाव इंडालच राहिले. मी तिथे नोकरी केलेली नाही, परंतु प्रक्रिया सगळीकडे एकच आहे आणि तिला बायर प्रक्रिया म्हणतात.

तुमच्या पुस्तकात "बॉक्साइट शुद्ध करतात" असे एका ओळीत लिहिलेले असेल. त्या एका ओळीत माझी बत्तीस वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कार्ल योझेफ बायर हा ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ १८८७च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करत होता, आणि गंमत अशी की त्याला धातूशी काही देणेघेणे नव्हते. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ॲल्युमिनियमचा क्षार लागतो, आपल्याकडचे रंगारी जसे तुरटी वापरत तसाच. त्यासाठी त्याला शुद्ध ॲल्युमिना हवा होता. कापडासाठी शोधलेली युक्ती धातूच्या कामी आली, ती आजतागायत.

युक्ती अशी आहे. ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड तीव्र गरम कॉस्टिक सोड्यात विरघळते; लोह आणि टायटॅनियमची ऑक्साइडे त्यात विरघळत नाहीत. बॉक्साइट दळायचा, कॉस्टिकच्या द्रावणात कालवायचा आणि दाबाखाली शिजवायचा. आपल्या सह्याद्रीतल्या बॉक्साइटमध्ये गिब्साइट हे खनिज मुख्य आहे आणि ते १४० ते १५० अंश सेल्सियसला निमूटपणे विरघळते. बोहेमाइट जास्त असलेल्या बॉक्साइटला २०० अंशांच्या वर न्यावे लागते, म्हणजे वाफ जास्त, दाब जास्त, भांडी जाड. खाणीतून कोणता दगड येतो यावर कारखान्याची सगळी बांधणी ठरते, ती अशी.

यातला खरा शत्रू सिलिका आहे. लोहाचा त्रास नसतो, कारण ते गाळात जाऊन पडते. परंतु चिकणमातीतली सिलिका कॉस्टिकमध्ये विरघळते, मग सोडा आणि ॲल्युमिना या दोघांनाही धरून घट्ट बसते आणि गाळाबरोबर निघून जाते. ढोबळमानाने एक किलो अशी सिलिका जवळजवळ एक किलो कॉस्टिक खाऊन टाकते. बॉक्साइटच्या गाडीचा नमुना प्रयोगशाळेत गेला की आमचे सगळ्यांचे लक्ष ॲल्युमिनापेक्षा सिलिकाच्या आकड्याकडे असे. नळ्यांच्या आतल्या बाजूला हीच मंडळी दगडासारखा थर धरतात, आणि तो फोडण्यासाठी यंत्रे बंद ठेवून माणसे आत उतरवावी लागत.

शिजवल्यानंतर न विरघळलेला भाग मोठ्या टाक्यांमध्ये खाली बसू देतात. तोच लाल गाळ, ज्याला सर्वत्र रेड मड म्हणतात. तो एका टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पाच-सहा वेळा धुतात, कारण त्यात अडकलेला प्रत्येक किलो कॉस्टिक हा पैसा असतो. बायर प्रक्रियेचे अर्थशास्त्र मुद्दलाला हात न लावता संसार चालवण्यासारखे आहे: तेच कॉस्टिक वर्षानुवर्षे फिरत राहते, दर फेरीत ॲल्युमिना उचलते आणि पुढे नेऊन सोडते.

सोडते कसे, हा मला सर्वांत आवडणारा टप्पा आहे. गाळून स्वच्छ झालेले द्रावण थंड केले की त्यात ॲल्युमिना मावेनासा होतो, पण तो आपण होऊन सहजी बाहेर पडत नाही. त्यासाठी आधीच्या खेपेतले हायड्रेटचे (घन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडला आम्ही हायड्रेट म्हणतो) बारीक दाणे त्यात टाकावे लागतात, दुधाला विरजण लावावे तसे. (येथे जिवाणू नाहीत, हे मुलांना जरूर सांगा, उपमा तेवढ्यापुरतीच आहे. ज्यांच्या घरचे कोणी साखर कारखान्यात पॅनवर असेल त्यांना दाणा धरणे म्हणजे काय हे जास्त चांगले कळेल.) उंच टाक्यांमध्ये ते दिवस-दीड दिवस ढवळत ठेवतात आणि दाण्यांवर थर चढत जातो. मूठभर ओले हायड्रेट हातात घेतले तर बारीक मिठासारखे लागते.

हे हायड्रेट शेवटी १००० अंशांच्या आसपास भाजतात. त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग पाण्याचा असतो, तो निघून जातो आणि उरते ती तुमच्या विद्यार्थ्याने पाहिलेली पांढरी पावडर, म्हणजे ॲल्युमिना. ही पावडर धातू नाही, धातूचे ऑक्साइड आहे. तिच्यात वजनाने ५३ टक्के ॲल्युमिनियम आहे, पण ऑक्सिजनने त्याला धरून ठेवले आहे. चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातू, हे गणित लक्षात ठेवायला सोपे जाते.

सगळी पावडर धातूसाठीच जाते असेही नाही. बेळगावच्या कारखान्यातून भट्ट्यांच्या विटा, चिनी माती, स्पार्क प्लगचे इन्सुलेटर, पॉलिश अशा कामांसाठी लागणारा विशेष प्रकारचा ॲल्युमिना आणि हायड्रेट निघते. हायड्रेटवर गंधकाम्लाची क्रिया करून पाणी निवळण्याची तुरटी होते. म्हणजे नगरपालिकेचे जे पाणी आपण पितो त्यात कोणत्या ना कोणत्या सड्याचा अंश असण्याची शक्यता बरीच आहे.

लाल गाळाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक टन ॲल्युमिनामागे एक ते दीड टन कोरडा गाळ निघतो आणि कितीही धुतला तरी त्यात क्षार उरतो. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाच्या तलावाची भिंत फुटली आणि दहा माणसे गेली. आता गाळ पाण्यासारखा पातळ सोडण्याऐवजी दाबून त्याची कोरडी ढेप करून रचण्याकडे कल आहे, आणि लोहाच्या अंशासाठी सिमेंट कारखानेही तो घेऊ लागले आहेत. तरीही जेवढा निघतो तेवढा खपेल असा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

उत्तर ३ : पॉटरूम (मूळ निपाणी, सध्या ओडिशा)

गुरुजी, काकांनी पावडरीपर्यंत आणून सोडले आहे. तिथून पुढे मी नेतो. मी एका स्मेल्टरमध्ये, म्हणजे ॲल्युमिनापासून विजेने धातू काढणाऱ्या कारखान्यात, पॉटलाइनवर, म्हणजे विद्युत अपघटनाच्या भांड्यांच्या रांगेवर, आहे.

आधी तुमच्या कोळशाच्या शंकेविषयी. ऑक्सिजनवर लोहाची जी पकड आहे त्याहून ॲल्युमिनियमची पकड कितीतरी घट्ट आहे. कोळशाने ती सोडवायची तर २००० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तिथे गेल्यावर जो धातू सुटतो तो कार्बनशीच हातमिळवणी करून कार्बाइड होऊन बसतो. पाण्याचे म्हणाल तर ॲल्युमिनियमच्या क्षाराचे पाण्यातले द्रावण घेऊन वीज सोडली, तर ॲल्युमिनियमच्या आधी पाण्यातला हायड्रोजनच सुटतो. म्हणून पाणी नसलेले द्रावण हवे. नुसता ॲल्युमिना वितळवावा तर त्याचा वितळबिंदू २०५० अंशांच्या आसपास. एवढ्या उष्णतेत टिकणारे भांडे रोजच्या कामाला कुठून आणायचे?

या अडचणीमुळे एके काळी हा धातू चांदीच्या पंगतीला बसत होता. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मानाने बसवला तो २.८५ किलोचा तुकडा ॲल्युमिनियमचा होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांना, एकमेकांची गाठ न पडता, एकच तोड सापडली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिन यांच्या क्षारात) ॲल्युमिना मिठासारखा विरघळतो. दोघेही १८६३ मध्ये जन्मले आणि दोघेही १९१४ मध्ये वारले, हा योगायोग मुलांना आवडेल. तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही, फक्त भांडी मोठी झाली.

आम्ही भांड्याला पॉट म्हणतो. पोलादी पेटी, तिला आतून उष्णतारोधक विटा आणि कार्बनच्या ठोकळ्यांचे अस्तर. हे अस्तर म्हणजे कॅथोड. वरून कार्बनचे मोठे ठोकळे लोंबतात, ते ॲनोड. मधल्या रसाचे तापमान साधारण ९६० अंश. वितळलेला धातू रसापेक्षा किंचित जड असल्याने तळाशी साठतो, आणि वरचा रस त्याचे हवेपासून रक्षण करतो. सुटलेला ऑक्सिजन ॲनोडच्या कार्बनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून ॲनोड झिजत जातो आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. एका टन धातूमागे ४०० ते ४५० किलो कार्बन जळतो. कोळसा येथेही लागतो, गुरुजी. फक्त त्याला विजेची जोड द्यावी लागते. कार्बन ऑक्सिजन पकडून घेतो म्हणून विजेचे काम हलके होते. ॲनोड न झिजणारा असता तर धातू सोडवायला लागणारा विजेचा दाब सुमारे एक व्होल्टने वाढला असता.

पुस्तकातल्या आकृतीत जे दिसत नाही ते म्हणजे विजेचा आकार. एका पॉटवर जेमतेम ४.२ व्होल्ट असतात, म्हणजे टॉर्चच्या तीन सेलांएवढे. पण प्रवाह ३ लाख अँपिअर. असे अडीचशे पॉट एकापाठोपाठ एक, एकाच माळेत जोडलेले असतात. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला द्या: २५० पॉट, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे १०५० व्होल्ट. त्याला ३ लाखांनी गुणा, ३१५ मेगावॉट झाले. आता फॅरेडेच्या नियमाने हजार अँपिअर दिवसभर वाहिले की ८ किलो ॲल्युमिनियम सुटते. ३ लाख अँपिअरचा एक पॉट, थोडी गळती धरून, दिवसाला सव्वादोन टनांच्या आसपास धातू देतो. भागाकार केला की किलोमागे १३ ते १४ युनिट येतात. घरातला ७५ वॅटचा पंखा एवढ्या विजेवर आठवडाभर रात्रंदिवस फिरेल. ही वीज कोळशावर तयार होत असेल तर किलोभर धातूमागे सुमारे दहा किलो कोळसा वीजकेंद्रातच जळलेला असतो.

पॉटरूममध्ये पहिल्या दिवशी मी मनगटावरचे घड्याळ काढायला विसरलो आणि ते तिथेच थांबले. एवढ्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र इतके असते की हातातला लोखंडी गज कोणी तरी बाजूला ओढत असल्यासारखा वाटतो, आणि खिशातली किल्ली कापडाला ताण देते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना दारातूनच परत पाठवतात.

रसातला ॲल्युमिना दोन टक्क्यांच्या खाली गेला की ॲनोडखाली वायूचा पडदा धरतो आणि ४ व्होल्टचा पॉट एकदम ३० व्होल्टच्या वर उडी मारतो. याला ॲनोड इफेक्ट म्हणतात. जुन्या काळी प्रत्येक पॉटला दिवा जोडलेला असे, तो पेटला की माणूस हिरव्या लाकडाचा ओंडका घेऊन धावे आणि ॲनोडखाली खुपसे; ओल्या लाकडातून निघणारी वाफ आणि वायू रस ढवळून पडदा मोडत. आता संगणक दर मिनिटा-दोन मिनिटांनी चिमूट-चिमूट पावडर टाकत राहतो, त्यामुळे तो प्रकार क्वचित होतो. आणि तो टाळण्याचे खरे कारण असे, की त्या वेळी निघणारे फ्लोरिनयुक्त वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतात. नेहमीच्या धुरातला फ्लोराइड मात्र आम्ही फार सुंदर रीतीने पकडतो: धूर ताज्या ॲल्युमिनामधून गाळायचा, ॲल्युमिना फ्लोराइड शोषून घेतो, आणि मग तोच ॲल्युमिना पॉटमध्ये घालायचा.

आता बेळगाव. तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, की बेळगावला स्मेल्टर होता. इंडालने रिफायनरी आणि स्मेल्टर दोन्ही तिथे उभारले होते; त्या काळी कर्नाटकची वीज मुख्यतः शरावतीच्या पाण्याची होती आणि ती भरपूर व स्वस्त राहील असे सर्वांनाच वाटत होते. पुढे शेतीचे पंप, शहरे आणि कारखाने वाढले, पाऊस ओढ देऊ लागला की कपात येऊ लागली, आणि विजेच्या प्रश्नापायी तो स्मेल्टर बंद पडला. रिफायनरी तेवढी चालू राहिली. पिठाची गिरणी दोन तास बंद राहिली तर पीठ दोन तास उशिरा मिळते. पॉटलाइनची वीज चार-पाच तास गेली तर रस आणि धातू आत गोठून दगड होतो आणि एकेक पॉट फोडून पुन्हा उभा करायला महिने जातात. म्हणून स्मेल्टरवाले स्वतःचे वीजकेंद्र बांधतात आणि ते कोळशाच्या खाणीशेजारी बांधतात. ओडिशातल्या नाल्को या सरकारी कंपनीचे उदाहरण घ्या: खाण आणि रिफायनरी कोरापुट जिल्ह्यात दामनजोडीला, आणि स्मेल्टर दूर अंगुलला, तालचेरच्या कोळशाजवळ. उत्तर प्रदेशात रेणुकूटला हिंडाल्कोचा स्मेल्टर उभा राहिला, कारण जवळ रिहांद धरणाची वीज होती. आइसलंडमध्ये तर बॉक्साइटचा खडाही नाही, तरी तिथे स्मेल्टर आहेत, कारण नद्यांची वीज आहे. पावडर गाडीत बसून विजेकडे जाते. वीज पावडरीकडे आणणे महाग पडते.

खानापूरचा मास्तर

आपणा तिघांचाही आभारी आहे. बेळगावात स्मेल्टर होता ही गोष्ट मला, या जिल्ह्यात जन्मून, माहीत नव्हती. काल वर्गात ३१५ मेगावॉटचा हिशेब करून घेतला. एका मुलीने विचारले की किलोला १४ युनिट लागतात, तर बाजारात नवे पातेले एवढे स्वस्त कसे? मी तिला विजेचा औद्योगिक दर शोधून आणायला सांगितले आहे. भंगाराचा प्रश्न मात्र अजून कोणी घेतलेला नाही.

उत्तर ४ : उद्यमबागचा ओतारी

तो माझ्या वाट्याचा आहे. उद्यमबागेत आमचे ॲल्युमिनियम ओतकामाचे छोटे युनिट आहे. पंपाच्या आणि हायड्रॉलिकच्या बॉड्या ओततो.

मास्तर, पातेल्यातल्या धातूला ऑक्सिजनपासून सोडवण्याची वीज एकदा भरून झालेली असते. तो पुन्हा वापरायचा म्हणजे फक्त वितळवायचा, आणि तो ६६० अंशांना वितळतो. खनिजापासून जेवढी ऊर्जा लागते त्याच्या सुमारे ५ टक्क्यांत काम होते. मग सगळे भंगारातूनच का करत नाहीत, असे विचाराल, तर पहिले कारण असे की भंगार पुरेसे नाही. आज लावलेली खिडकी पन्नास वर्षांनी भंगारात येणार आणि मागणी आज आहे. दुसरे कारण मिसळीचे.

भंगारवाल्याला सगळे "जर्मन" एकच. पण पातेले जवळजवळ शुद्ध आणि मऊ असते, खिडकीच्या पट्टीत मॅग्नेशियम आणि थोडे सिलिकॉन असते, गाडीच्या पिस्टनमध्ये सिलिकॉन दहा टक्क्यांच्या वर आणि शिवाय तांबे असते. हे सगळे एका मुशीत गेले की वेगळे काढता येत नाही. काकांनी सांगितलेली बायरची चाळण धातूला लागू नाही. लोह, तांबे, सिलिकॉन एकदा आत शिरले की शिरले. त्यावर उपाय एकच, नवी शुद्ध लादी घालून पातळ करत जाणे. मी एल. एम. ६ हा ओतकामाचा मिश्रधातू ओततो तेव्हा सिलिकॉन १० ते १३ टक्के हवे आणि लोह अगदी कमी हवे. लोखंडी पळीने रस ढवळला तर पळीच हळूहळू विरघळते आणि लोह वाढते, म्हणून पळीला दररोज लेप द्यावा लागतो. नवा पोरगा लेप न देता पळी बुडवतो आणि आठवड्याने बॉड्या ठिसूळ निघतात. हे माझ्याकडे एकापेक्षा जास्त वेळा झाले आहे.

आपल्या बेळगावच्या पावसाची एक खास कुरकुर आहे. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्याचा ऑक्सिजन घेते आणि हायड्रोजन पोटात ठेवते. गोठताना हायड्रोजन धरून ठेवण्याची त्याची क्षमता एकदम वीस पटींच्या आसपास घटते, आणि तो वायू टाचणीच्या टोकाएवढी भोके करून आतच अडकतो. बाहेरून कास्टिंग आरशासारखे दिसते. लेथवर एक मिलिमीटर उतरवले की भोके उघडी पडतात, आणि तेलाचा दाब दिला की बॉडी पाझरते. आषाढात, दिवस दिवस रिपरिप चालू असताना, आमचा नापास माल सर्वांत जास्त असतो. तेव्हा भंगार आदल्या रात्रीच भट्टीच्या कडेला वाळत घालतो आणि रसातून नायट्रोजन सोडून हायड्रोजन बाहेर काढतो.

वाळत घालण्याची सवय मला एका अपघाताने लागली. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या ढिगात दोन्ही टोकांना चेपलेली एक नळी होती आणि तिच्यात पाणी साठलेले होते. ती मुशीत गेली. जो आवाज झाला तो शेजारच्या चार युनिटांनी ऐकला, रस पत्र्यापर्यंत उडाला आणि माझ्या उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत डाग अजून आहे. त्या दिवसापासून माझ्याकडे बंद तोंडाचा एकही तुकडा कापून उघडल्याशिवाय भट्टीजवळ जात नाही.

निवृत्त डायजेस्टर

ओतारीसाहेबांनी लिहिले ते अगदी बरोबर आहे. एक पुस्ती जोडतो. मास्तर, वर्गात कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियमची फॉइल टाकून दाखवण्याचा मोह होईल. धातू विरघळतो, पण हायड्रोजन जोरात सुटतो आणि द्रावण तापून उसळते. डोळ्यांत गेलेले कॉस्टिक आम्लापेक्षा वाईट, हे मी जवळून पाहिले आहे. त्यापेक्षा सड्यावरचा बॉक्साइट, पांढरे हायड्रेट आणि तुरटीचा खडा असे तीन नमुने शेजारी शेजारी ठेवा. हायड्रेट माझ्याकडे बाटलीभर आहे, टिळकवाडीत येऊन घेऊन जा.

सड्यावरचा (चंदगड)

गाठीचा बॉक्साइट मी पाठवतो. सोबत जांभ्याचाही तुकडा देईन, म्हणजे दोन्ही भाऊ मुलांना एकत्र पाहता येतील.

उद्यमबागचा ओतारी

आणि ओतकाम पाहायला वर्ग घेऊन या, मात्र वीस मुलांपेक्षा जास्त नको आणि पावसाळा संपल्यावर या. सगळ्यांच्या पायात चामड्याचे बूट आणि अंगात सुती कपडे हवेत. नायलॉन अंगाला चिकटते. चप्पल घालून आलेल्या मुलाला, आणि मास्तर, तुम्हालाही, मी भट्टीच्या दारातच बाकावर बसवीन.